लखनौच्या थंडीत विझणारी ज्योत

लखनौला जाणारे बहुतेक पाहुणे विमानतळातून बाहेर पडले की शहराकडे वळतात. इमामबाडा, हजरतगंज, चिकनचे कुर्ते आणि टुंडे कबाब, अशी यादी तयारच असते. २०१९ पासून तर विमानतळाच्या दारातून थेट मेट्रो मिळते, त्यामुळे दुसरीकडे पाहायचं कारणच उरत नाही. पण तुम्ही जानेवारीत तिथे उतरलात आणि एकदा शहराकडे पाठ करून कानपूर रोडने उलट्या दिशेला गेलात, तर काही मिनिटांतच सरोजिनी नगर लागेल. तिथे पाहण्यासारखं काय आहे, असं विचाराल तर पर्यटनाच्या पुस्तकातलं काहीच नाही. तरीही मी तुम्हाला तिथेच नेणार आहे, आणि तेही एका बंद पडणाऱ्या हीटरच्या निमित्ताने.

आधी जागेची ओळख करून देते. सरोजिनी नगर म्हटलं की दिल्लीचं स्वस्त कपड्यांचं मार्केट आठवतं, पण हे ते नव्हे. लखनौशी सरोजिनी नायडूंचं नातं जवळचं. स्वातंत्र्यानंतर त्या संयुक्त प्रांताच्या राज्यपाल होत्या आणि २ मार्च १९४९ ला लखनौमध्येच त्यांचं निधन झालं. आजचं सरोजिनी नगर म्हणजे हायवेच्या दोन्ही बाजूंना पसरलेली वस्ती. ट्रकांची वर्दळ, नादरगंजचे कारखाने, डोक्यावरून खाली येणारी विमानं, आणि आतल्या गल्ल्यांत विटांची दोन मजली घरं.

दोन ठिकाणं मात्र आपल्या ओळखीची निघतील. एक, इथली सैनिक शाळा. ती १९६० साली सुरू झाली, म्हणजे आपल्या साताऱ्याच्या सैनिक शाळेच्याही एक वर्ष आधी. कारगिलमध्ये लढताना शहीद झालेले परमवीरचक्र विजेते कॅप्टन मनोज कुमार पांडेय हे इथलेच विद्यार्थी, आणि आता शाळेला त्यांचंच नाव आहे. दुसरं ठिकाण म्हणजे स्कूटर्स इंडियाचा कारखाना. तुमच्या घरातल्या आजोबांना ‘विजय सुपर’ स्कूटर आठवते का, विचारा. ती इथे बनायची. इटलीच्या इनोसेंटी कंपनीकडून लॅम्ब्रेटाची यंत्रसामग्री विकत घेऊन १९७२ मध्ये ही सरकारी कंपनी उभी राहिली. पुढे स्कूटर बंद झाली, पण तिच्या ‘विक्रम’ या तीनचाकीने नाव टिकवलं. २०२१ मध्ये कंपनीच बंद झाली.

माझी मावशी इथे तीसेक वर्षं राहते. काका नादरगंजच्या एका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त आहेत. घरात काकांच्या आई आहेत, त्यांना मीही आजीच म्हणते. वय ऐंशीच्या पुढे. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात आता अवधी हवा मिसळली आहे. आजी थंडीला ‘ठंडी’ म्हणत नाहीत. “ठंडी नाही ग ही, गलन आहे,” म्हणतात.

गलन म्हणजे काय

हा शब्द समजल्याशिवाय लखनौचा हिवाळा समजत नाही. आकडे पाहिले तर फार भीती वाटत नाही. जानेवारीत रात्रीचा पारा सहा-आठ अंशांपर्यंत उतरतो. एखाद्या वर्षी त्याहूनही खाली जातो, पण नाशिक किंवा निफाडच्या माणसाला असे आकडे नवे नाहीत. फरक दिवसाचा आहे. नाशिकला रात्री कितीही गारठलात तरी सकाळी दहाला ऊन येतं आणि अंगणात बसलं की हाडं मोकळी होतात. लखनौत धुकं उतरलं की चार-चार दिवस सूर्यच दिसत नाही. दुपारी दोन वाजताही सकाळचे सात वाजल्यासारखं वाटतं. हवामान खातं अशा दिवसाला ‘शीत दिवस’ म्हणतं. किमान तापमान दहा अंश किंवा त्याहून कमी आणि कमाल तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा जास्त घसरलेलं, असा त्याचा हिशोब आहे. रात्र थंड असणं वेगळं आणि दिवस उगवूनही थंडी न हटणं वेगळं. ओली, दमट थंडी कपड्यांतून आत शिरते आणि माणूस विरघळल्यासारखा होतो. तेच गलन.

त्यात घरं बांधलेली असतात उन्हाळ्यासाठी. मे-जूनमधल्या बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत टिकायचं म्हणून उंच छत, गुळगुळीत फरशी, आणि छताजवळ भिंतीत एक चौकोनी झरोका, ज्यातून तापलेली हवा बाहेर जाते. त्याला तिकडे ‘रोशनदान’ म्हणतात. किती सुंदर शब्द आहे, उजेडाचं दान देणारं! पण हिवाळ्यात हेच रोशनदान घराचं शत्रू ठरतं. डिसेंबर लागला की लोक स्टुलावर चढून त्यात पुठ्ठे आणि जुनी वर्तमानपत्रं कोंबतात. दाराच्या फटीखाली गोणपाट, खिडकीच्या फटीत चिंध्या. मावशीकडेही तसंच केलं होतं. हे रोशनदान लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

उबेसाठी प्रत्येकाचा आपला उपाय. चौकात नगरपालिकेचा अलाव पेटलेला असतो. अलाव म्हणजे आपली शेकोटी. रिक्षावाले, पोलीस, कुत्री, सगळे एका वर्तुळात. घरात ज्यांना परवडतं ते ब्लोअर किंवा लाल कांड्यांचा विजेचा हीटर लावतात. जुन्या घरांत कोळशाची अंगीठी. आणि ज्यांना वीज जाण्याचा आणि बिलाचा कंटाळा आलेला असतो ते घेतात गॅसचा रूम हीटर. महाराष्ट्रात हा प्रकार फारसा दिसत नाही, म्हणून थोडं सांगते. चाकांवर फिरणारी, गुडघ्याच्या वर येणारी एक पत्र्याची पेटी. समोर सिरॅमिकच्या तीन पट्ट्या, त्या तापून केशरी होतात. मागच्या कप्प्यात पाच किलोचं सिलिंडर. वर एक नॉब. परदेशी सिनेमात भिंतीतली शेकोटी असते ना, तिचाच हा गल्लीतला चुलतभाऊ. फक्त त्याला धुराडं नसतं. हा फरक छोटा वाटतो, पण पुढचं सगळं त्यावरच आहे.

एक इंचाची ज्योत

या पेटीचा जीव एका इंचभर ज्योतीत असतो. तिला पायलट म्हणतात. नॉब दाबून धरायचा, खटका मारायचा, ठिणगी पडते आणि जाळीमागे छोटीशी निळी ज्योत पेटते. मग नॉब आणखी पंधरा-वीस सेकंद दाबूनच ठेवायचा. सोडला की ज्योत टिकली पाहिजे. टिकली की नॉब फिरवून मोठ्या पट्ट्या पेटवायच्या.

ते वीस सेकंद कशासाठी, हे काकांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. ज्योतीच्या तोंडाशी पेन्सिलच्या टोकाएवढी एक धातूची कांडी असते, थर्मोकपल. दोन वेगळ्या धातूंचा जोड तापवला की त्यातून वीज निर्माण होते. थॉमस सीबेक या शास्त्रज्ञाला हे १८२१ मध्ये दिसलं होतं. वीज किती? वीस-तीस मिलीव्होल्ट. घड्याळातला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो, म्हणजे ही त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढी किंवा त्याहूनही कमी. पण तेवढ्या विजेवर एक छोटं चुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतं. ज्योत विझली, कांडी गार झाली, वीज थांबली, चुंबक सुटलं आणि झडप बंद. न जळलेला गॅस खोलीत पसरत नाही. बॅटरी नाही, वायर नाही, वीज गेली तरी चालतं. मला तर ही गोष्ट इमामबाड्याच्या भूलभुलैयापेक्षा कमी थक्क करणारी वाटली नाही!

आता मावशीच्या घरचा त्रास. त्या वर्षी डिसेंबरात माळ्यावरून हीटर काढला तर पायलट पेटायचा, पण नॉब सोडला की लगेच विझायचा. दहा वेळा केलं तरी तेच. मिस्त्री आला. त्याने सिलिंडर काढून ठेवलं, जाळी उघडली, कांडीच्या टोकावरची काजळी कोरड्या फडक्याने पुसली, सैल झालेला नट आवळला, आणि पायलटच्या तोंडाजवळचं कोळ्याचं जाळं फुंकून काढलं. काम झालं. वर्षातले दहा महिने माळ्यावर पडून राहिलेल्या हीटरचा हा नेहमीचा आजार आहे, असं तो म्हणाला. कोळ्यांना गॅसच्या बारीक नळ्या फार आवडतात म्हणे.

आठवडाभराने दुसरंच सुरू झालं. मी पोचले ते त्याच दिवसांत. हीटर छान पेटायचा, तासभर मस्त चालायचा आणि मग आपोआप विझायचा. पुन्हा पेटवला की दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा विझायचा. मावशी वैतागली होती. आजींना खोकला होता, त्यांची मागची खोली सर्वांत थंड, म्हणून हीटर तिथेच लागायचा. रात्री आजी म्हणायच्या, “डोकं जड झालंय ग, कसंतरीच होतंय.” सगळे म्हणायचे, सर्दी आहे.

मिस्त्रीला पुन्हा बोलावलं. त्याने पाच मिनिटं पाहिलं आणि सोपा उपाय सांगितला. “भाभीजी, इसका सेंसर बहुत नखरे करता है। बाईपास कर देते हैं, फिर कभी नहीं बुझेगा।” पैसेही थोडेच सांगितले. मावशी लगेच तयार झाली. आजी तर पलंगावरूनच म्हणाल्या, “काढून टाक रे ते एकदाचं.” खरं सांगायचं तर त्या गारठ्यात कुणीही हेच म्हटलं असतं.

काका नाही म्हणाले. ते म्हणाले, “मशीन रोज एकाच वेळेने बंद पडत असेल तर ते बिघडलेलं नसतं, ते काहीतरी मोजत असतं.” मिस्त्रीला चहा पाजून परत पाठवलं. पुण्याहून दरवर्षी येणारं कालनिर्णय भिंतीवर होतं. काकांनी त्याच्या तारखांच्या चौकोनांत पेन्सिलने लिहायला सुरुवात केली. पेटवला ८.१०, विझला ९.१५. पेटवला ७.५०, विझला ८.५०. तिसऱ्या दिवशी हीटर बाहेरच्या खोलीत लावला. तिथे सतत कुणीतरी दार उघडतं, कधी दूधवाला, कधी शेजारची मुलं. तिथे तो तीन तास अखंड चालला. तोच हीटर, तेच सिलिंडर, तोच सेन्सर!

मग काकांनी आजींच्या खोलीच्या खिडकीवर बोट फिरवलं. काच आतून घामेजली होती, पाण्याचे ओघळ चौकटीपर्यंत आले होते. रोशनदानात पुठ्ठा, दाराखाली गोणपाट. खोली डब्यासारखी बंद.

ज्योत काय मोजत होती

इथे थोडा हिशोब करू, कंटाळू नका. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो. असा हीटर पूर्ण चालवला तर तासाला अंदाजे ३०० ग्रॅम गॅस जाळतो. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते, म्हणजे तासाला चार घनमीटरच्या आसपास हवेतला सगळा ऑक्सिजन संपतो. आता दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोली घ्या. तिच्यात एकूण हवाच अठ्ठावीस घनमीटर. खोली खरोखर डब्यासारखी बंद असेल तर तासाभरात ऑक्सिजन २१ वरून १८ टक्क्यांपर्यंत येतो. काकांच्या कालनिर्णयमधली वेळ हीच होती.

आणि अशा हीटरचा पायलट मुद्दाम तसाच बनवलेला असतो. ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास आला की ती छोटी ज्योत स्थिर राहत नाही, जणू हवा शोधत आपल्या जागेवरून उचलली जाते. कांडीचं टोक ज्योतीबाहेर पडतं, गार होतं आणि झडप बंद होते. मिस्त्री ज्याला नखरे म्हणत होता तो हा. युक्ती तशी जुनीच आहे. १८१५ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी कोळशाच्या खाणीसाठी जाळीचा दिवा बनवला. हवा खराब झाली की त्या दिव्याची ज्योत मंद व्हायची, विझायची, आणि खाणकामगार बाहेर पळायचे. दिवा विझला म्हणून दिव्याला शिव्या घालणारा खाणकामगार कुणी असेल असं वाटत नाही.

ऑक्सिजन कमी झाल्यावरही जाळत राहिलो तर गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास घातलेला असतो, या वायूला तोही नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, गुंगी येते. हिवाळ्यात हे सगळं सर्दी-तापासारखंच वाटतं, आणि म्हणूनच फसायला होतं. झोपलेल्या माणसाला तर कळतच नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतात. आपल्याकडे बंद बाथरूममधल्या गॅस गीझरच्या येतात. कोळशाच्या अंगीठीला पायलट नसतो, ती न विझता जळत राहते. आजींच्या खोलीत मात्र ती इंचभर ज्योत रोज रात्री विझत होती.

खिडकीच्या ओल्या काचेचंही कारण सांगते, कारण ही खूण कुणालाही दिसते. एक किलो एलपीजी जळला की सुमारे दीड किलो पाण्याची वाफ बनते. धुराडं असेल तर ती बाहेर जाते. नसेल तर खोलीतच राहते आणि थंड काचेवर जमते. हीटर लावल्यावर काच आतून भिजू लागली की समजा, ज्वलनातून निघालेलं सगळं तुमच्याबरोबर त्या खोलीतच बसलं आहे.

काकांनी स्टुलावर चढून रोशनदानातला पुठ्ठा काढला. खिडकी दोन बोटं उघडी ठेवली. हीटर त्या रात्री विझला नाही. पण इथे गोष्ट सुखाने संपली असं समजू नका, कारण लगेच घरात भांडण झालं. मावशीचं म्हणणं, “अहो, खिडकी उघडी ठेवायची तर हीटर लावायचा कशाला?” आणि ते काही चुकीचं नव्हतं. दोन बोटांच्या फटीतून येणारं वारं आजींच्या बरोबर कानावर यायचं. दोन दिवस धुसफुस चालली. शेवटी पलंग खिडकीपासून हलवून दुसऱ्या भिंतीला लावला. हीटर झोपण्याआधी तासभर लावायचा, तोही मधल्या एकाच पट्टीवर, आणि आजी अंथरुणात शिरल्या की बंद करून सिलिंडरचा रेग्युलेटरही फिरवून टाकायचा. मग गरम पाण्याची पिशवी पायाशी आणि दुसरी रजई. आजींचं डोकं जड होणं थांबलं. खोकला मात्र फेब्रुवारीपर्यंत राहिला, तो खरंच सर्दीचा होता.

तुमच्याकडे विझत असेल तर

हे वाचणाऱ्यांत काही जण दिल्ली-लखनौकडे नोकरीला असतील, काहींच्या मुली-सुना कॅनडा-अमेरिकेत असतील. तिकडे भिंतीत गॅसची शेकोटी असते आणि तिचाही पायलट विझतो. तेव्हा पहिला प्रश्न ‘का विझते’ हा नको. ‘कधी विझते’ हा विचारा. काकांसारखं दोन-तीन दिवस लिहूनच ठेवा, फोनमध्ये लिहिलं तरी चालेल.

नॉब सोडताक्षणी विझत असेल तर बहुधा ती कांडी मळलेली, सैल किंवा म्हातारी झालेली असते. आधी नॉब पूर्ण अर्धा मिनिट धरून पाहा. जमलं नाही तर सिलिंडर बंद करून, हीटर गार झाल्यावर मऊ कोरड्या ब्रशने वरची धूळ काढा, तेवढंच. पायलटच्या बारीक भोकात सुई किंवा तार घालू नका. भोक मोठं झालं की ज्योतीचा आकारच बिघडतो. कांडी बदलायचं काम जाणकाराचं.

दार उघडल्यावर किंवा पंखा लावल्यावर विझत असेल तर वाऱ्याचा झोत थेट ज्योतीवर येतोय. हीटरची जागा बदला. भिंतीतल्या शेकोटीत धुराड्यातून उलटा वारा आला तरी असं होतं, वादळी रात्री हमखास.

पहाटे, गारठ्यात, सिलिंडर संपत आलं असताना विझत असेल तर दोष थंडीचा. एलपीजीत ब्यूटेन आणि प्रोपेन असतात. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वाफ व्हायचंच थांबवतो, आणि गॅस निघताना सिलिंडर स्वतःही गार होत जातं, म्हणून दाब कमी पडतो. यावर उपाय म्हणून सिलिंडर गरम पाण्यात ठेवणारे महाभाग आहेत. तुम्ही त्यांच्यात जाऊ नका, सिलिंडर बदला.

आणि अर्ध्या-एक तासाने, बंद खोलीत, नेमाने विझत असेल तर हीटरला हात लावू नका. आधी खिडकी उघडा, माणसांना बाहेर काढा. कुणाचं डोकं दुखत असेल, मळमळत असेल तर मोकळ्या हवेत न्या आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा की खोलीत गॅस जळत होता. सेन्सर काढून देतो म्हणणाऱ्या मिस्त्रीला चहा पाजा आणि निरोप द्या. मात्र सेन्सर आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. तो ऑक्सिजन कमी झाल्याचं ओळखतो, कार्बन मोनॉक्साइड नाही. बर्नर मळलेला असेल तर हवा पुरेशी असतानाही विषारी वायू होऊ शकतो. त्यासाठी वेगळा अलार्म मिळतो. परदेशात तो सर्रास लावतात, आपल्याकडेही ऑनलाइन मिळतो.

ज्योत कशीही विझली तरी लगेच खटके मारत बसू नका. पाच मिनिटं थांबा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. वास येत असेल तर विजेचं बटणसुद्धा दाबू नका, दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि बाहेर जाऊन १९०६ या गळतीच्या मदत क्रमांकावर फोन करा. लखनौच्या अनेक वस्त्यांत आता पाइपचा गॅस आला आहे. सिलिंडरवरचा हीटर तसाच उचलून त्या नळीला जोडायचा मोह काहींना होतो. दोन्ही गॅस वेगळे, दाब वेगळा, भोकांचा आकार वेगळा. हे जुगाड नको.

बाकी तुम्ही हिवाळ्यात लखनौला जाणार असाल तर नक्की जा. हॉटेलात किंवा नातेवाइकांकडे खोलीत गॅसचा हीटर दिसला तर सामान ठेवण्याआधी एकदा मान वर करून रोशनदान पाहा, त्यात पुठ्ठा आहे का. दिवसा ताज्या मटारची तहरी मिळेल, काळ्या गाजराचा हलवा मिळेल, संध्याकाळी भाजलेल्या शेंगदाण्यांच्या गाडीवर छोट्या मडक्यातून धूर निघताना दिसेल. आणि सकाळी धुक्यात लवकर उठायची तयारी असेल तर चौक भागात जाऊन मक्खन मलाई खा. दूध रात्रभर उघड्यावर दवात ठेवून पहाटे घुसळतात आणि वरचा केशरी फेस काढतात. पानाच्या द्रोणात देतात, तोंडात घातला की काही उरतच नाही. ऊन वर आलं की तो बसतो, म्हणून विक्रेते नऊ-दहापर्यंत टोपल्या आवरून निघून जातात. त्या एका सकाळी तरी गलनची तक्रार करू नका, तिच्याशिवाय ही मलाई जमत नाही.